आतला पत्ता

१० एप्रिल २०२४, बुधवार

कालचा पाडवा घरी केला आणि आज सकाळच्या एसटीनं चाळीसगावहून संभाजीनगरला आलो. घाटात हवा बरी होती. कन्नड मागं पडलं तशा खिडकीतून झळा यायला लागल्या, पण मन इतकं हलकं होतं की उन्हाचं काही वाटलं नाही. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत नवा कोरा कारखाना, देखभाल विभागात इंजिनिअर म्हणून मी, आणि राहायला कंपनीनं घेऊन दिलेलं अख्खं घर.

घर पैठण रोडवर, नक्षत्रवाडीच्या पुढं, नव्यानं पडलेल्या प्लॉटिंगमध्ये आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागं थोडी मोकळी जागा आणि कंपाउंडची भिंत. रंगाचा वास अजून गेलेला नाही. किल्ली द्यायला मालक काकासाहेब स्वतः आले होते. या घरात राहणारे तुम्हीच पहिले, असं त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. कोपऱ्यात बोअर आहे, यंदा कोरडा पडलाय. रस्त्याच्या कडेला नव्या पाणीयोजनेचे काळे पाइप पडून आहेत, आत माणूस उभा राहील एवढे. पाणी मात्र टँकरनंच येतं.

मागच्या भिंतीपलीकडं एक पत्र्याचं घर, एक कडुनिंब आणि चार-पाच शेळ्या. तिथल्या वच्छलाबाई भिंतीवरून डोकावून चौकशी करून गेल्या. साठीच्या असतील. ही सगळी जमीन त्यांच्या माहेरची. भावांनी ती प्लॉटिंगला विकली, या तेवढ्या तुकड्यावर राहिल्या. मी एकटाच आहे म्हटल्यावर संध्याकाळी भाकरी-ठेचा आणून दिला. मी त्यांना मावशी म्हणायला सुरुवातही केली.

आई, प्रमोदिनी आणि वैदेही जूनमध्ये येतील. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला अजून हलवता येत नाही. तोवर एकट्यानं काढायचं. वेळ जावा म्हणून रोज थोडं लिहायचं ठरवलंय.

१४ एप्रिल, रविवार

वैदेही फोनवर बोलत नाही. नऊ वर्षांची पोर. मी घरी असताना शाळेतून आली की पाठीवर लटकून दिवसभराचं सगळं सांगायची. आता हो, नाही, जेवले, एवढंच. प्रमोदिनी म्हणते, रुसलीय, होईल नीट.

आज मी विचारलं, तुझा तो ठोकळ्यांचा खेळ आपण दोघांनी मिळून खेळायचा का? पलीकडं एकदम जान आली. तो खेळ म्हणजे ठोकळ्यांचं एक मोठं जग. त्यात खणायचं, बांधायचं, हिंडायचं. पण अनोळखी लोक असतात तिथं वैदेहीनं खेळायचं नाही, ही प्रमोदिनीची सक्त ताकीद. शाळेत शिकवते ती, काय काय ऐकलेलं असतं. मी म्हटलं, मग सर्व्हर माझ्याच घरी लावतो. ते जग आपल्या घरातल्या कॉम्प्युटरवर राहील, वैदेही तिकडून टॅबवर येईल. आम्हा दोघांशिवाय कुणी येणार नाही.

तसा शब्दच दिला मी प्रमोदिनीला.

१८ एप्रिल, गुरुवार

कारखान्यातून आलो की राउटरपुढं बसतो. सोपं वाटलं होतं, तसं ते नाही. आधी कळलं की या भागातल्या सगळ्या घरांना इंटरनेटवाल्यांनी बाहेरचा एकच पत्ता वाटून दिलाय. मग बाहेरचा माणूस नेमका माझ्या घरी येणार कसा? त्यांना फोन करकरून स्वतःचा कायमचा पत्ता घेतला. मग राउटरमध्ये पोर्ट उघडलं. पोर्ट म्हणजे भिंतीतलं एक दारच. या दारावर कुणी आलं तर त्याला थेट माझ्या कॉम्प्युटरकडं पाठव, असं राउटरला सांगून ठेवायचं. बाकीची सगळी दारं फायरवॉलनं बंद.

तरी लागेना. घरातून लागायचं, बाहेरून नाही. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर सापडलं, कॉम्प्युटरची स्वतःची एक फायरवॉल होती, ती आडवी येत होती. तिलाही समजावलं. शेवटी प्रवेशाच्या यादीत दोनच नावं घातली, वैदेही आणि बाबा. फोनचं नेट लावून बाहेरचा होऊन पाहिलं, तर मी आपल्याच घरात बाहेरून आलो. एकटाच हसत बसलो.

२० एप्रिल, शनिवार

आज आम्ही खेळलो. वैदेहीनं नदीकाठची जागा निवडली आणि घर बांधायला काढलं. भिंती मी रचल्या, खिडक्या कुठं ते तिनं ठरवलं. कानाला हेडफोन लावून बोलताही येतं. मैत्रिणीचं भांडण, आजीचा वॉकर, गच्चीवरची मांजरी, सगळं तिनं सांगितलं. माझ्या पाठीवर बसून सांगायची तसंच. शेवटी म्हणाली, बाबा, उद्या पण.

किती दिवसांनी भूक लागल्यासारखं जेवलो.

२४ एप्रिल, बुधवार

कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि राउटर मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. खेळ तुटतो, वैदेही चिडते. रामकिसन नावाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. अर्थिंग सुकलंय म्हणाला. जमिनीत ओल नसली की अर्थिंग काम करत नाही, यंदा गावभर हीच रड आहे. मागच्या मोकळ्या जागेत त्यानं नवा खड्डा घेतला. पहार एका दणक्यात निम्मी आत गेली. म्हणाला, हा तर सगळा भराव दिसतो, बरंच झालं, पाइप खोल जाईल. लांब पाइप ठोकला, मीठ-कोळसा भरला, त्यातून तार थेट माझ्या टेबलाखाली आणली. अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा, असं सांगून गेला.

पाणी ओतलं. एका घोटात गेलं. दुसरी बादली ओतली, तीही तशीच. राउटर तेव्हापासून शहाण्यासारखा चालतोय. टँकरचं पाणी खड्ड्यात ओततोस का, म्हणून प्रमोदिनी हसली.

२८ एप्रिल, रविवार

खेळातल्या आमच्या घराच्या जमिनीत आज भोक दिसलं. वैदेहीला वाटलं, मीच तिला गंमत म्हणून खणलंय. मी खणलेलं नाही. आत उतरलो. माणूस जेमतेम मावेल असा सरळ खाली जाणारा बोगदा. उतरता उतरता जगाचा तळ आला. तळाशी आत यायला कुठूनच वाट नाही.

सर्व्हरवर प्रत्येक ठोकळा कधी फुटला त्याची नोंद राहते. ती पाहिली. सगळ्यात खालचा ठोकळा बुधवारी फुटलाय, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. कुणीतरी तळातून वर खणत आलंय.

सॉफ्टवेअरचा काहीतरी घोळ असावा. जग नव्यानं सुरू करायला हवं, पण वैदेहीनं बांधलेलं घर पुसलं जाईल, म्हणून तसंच ठेवलं. बोगदा बुजवून टाकला.

१ मे, बुधवार

सुट्टी. दुपारी आम्ही खेळत होतो. वैदेहीनं विचारलं, बाबा, तो कोण? दाराशी कुणीतरी उभं होतं. डोक्यावर नाव नाही. यादीत दोन नावं असताना तिसरा आत आलाच कसा? तो हलत नव्हता, फक्त वैदेहीकडं तोंड करून उभा होता. ती डावीकडं गेली की डावीकडं वळायचा.

मी त्याला बाहेर काढलं, खेळ बंद केला, सगळे पासवर्ड बदलले. मग तो कुठून आला ते शोधलं. मला वाटलं, दुसऱ्या देशातला कुणी उपद्व्यापी असेल. पण त्याचा पत्ता बाहेरचा नव्हताच. घरातला होता. खुद्द माझ्या राउटरचा.

फायरवॉल बाहेरच्याला अडवते. आतून आलेल्याला ती घरचाच माणूस समजते.

प्रमोदिनीला सांगितलं नाही. शब्द दिला होता मी.

४ मे, शनिवार

कारखान्यात यंत्र बसवायचं काम होतं, दिवसभर फोनही हातात धरता आला नाही. संध्याकाळी वैदेहीचा फोन आला, फार खुशीत. बाबा, आज दुपारी किती मजा आली. मी विचारलं, कुणाबरोबर? ती म्हणाली, तुझ्याबरोबर.

मी प्रमोदिनीला फोन द्यायला सांगितला. तीही म्हणाली, अरे हो, खेळत होतात की दोघं. मी स्वयंपाकघरातून तुझा आवाज ऐकत होते.

५ मे, रविवार

आज राउटरमधलं ते पोर्ट बंद केलं. सर्व्हर बंद केला, कॉम्प्युटर बंद केला, वायर भिंतीतून उपटली. मग वैदेहीला फोन लावला. काही दिवस आपला खेळ बंद ठेवू, कॉम्प्युटर बिघडलाय, असं सांगितलं.

ती गोंधळली. म्हणाली, "पण बाबा, आपण आत्ता खेळतोय ना."

७ मे, मंगळवार

जेवण जात नाही. आज प्रमोदिनीला सगळं सांगितलं. ती अगदी हळू म्हणाली की एकटं राहून तुला त्रास होतोय, डॉक्टरला दाखव. मी हात जोडले. म्हटलं, एकच कर, तुझा फोन टॅबशेजारी धर.

धरला. मी ऐकलं. माझाच आवाज. खोकलाही माझा. पण बोलणं माझं नाही. "लई खोल हाय गं हितं. पर आता उजेड दिसाया लागलाय." आणि माझी वैदेही, जिनं असं कधी तोंडातून काढलं नाही, ती म्हणाली, "व्हय?"

तो तिला वैदेही म्हणत नाही. वच्छे म्हणतो. मी तिला विचारलं, हे नाव कुणी ठेवलं? ती म्हणाली, तूच ना.

प्रमोदिनी घाबरली, पण माझ्या भीतीला घाबरली. टॅबमध्ये तुझंच साठवलेलं बोलणं वाजतंय, एवढंच ती धरून बसली. टॅब कपाटात कुलपात ठेवते म्हणाली.

८ मे, बुधवार

कामावर गेलो नाही. मावशींकडं गेलो आणि विचारलं, लहानपणी तुम्हाला वच्छी कोण म्हणायचं?

त्या शेळीची धार काढत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, आबा. बाप. त्यांचे वडील बद्रीनाथ. दुसऱ्या कुणी त्यांना त्या नावानं कधी हाक मारली नाही.

मग त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात इथं विहीर होती. पाणी तळाला गेलं तसे आबा गाळ काढायला खाली उतरले. वच्छी आठ वर्षांची, काठावर बसून गाळाची पाटी यायची वाट बघत होती. एका बाजूची दरड ढासळली आणि विहीर अर्धी बुजली. आबा मेले नाहीत, कुठंतरी पोकळीत अडकले. खालून हाका यायच्या. वच्छे, वर घे. वच्छे, पाणी दे. माणसं उतरायला गेली की आणखी दरड कोसळायची. वच्छी काठावरून तांब्यानं पाणी ओतत राहिली. किती दिवस ते त्यांना आठवत नाही. मग हाका थांबल्या. आबांना कुणी वर काढलं नाही. विहिरीवर काट्या टाकल्या, पुढं प्लॉटिंगवाल्यांनी ती भरून वर माती सारखी केली.

मी विचारलं, विहीर नेमकी कुठं होती? त्यांनी भिंतीवरून बोट दाखवलं. अर्थिंगचा खड्डा.

पाणी मी ओतलं. तार मी आणली. दारही मीच उघडून ठेवलं.

१० मे, शुक्रवार

अक्षय तृतीया. मावशींना कालच सगळं सांगितलं होतं. वेडा ठरवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं की मला त्याच्याशी बोलता येईल का. मला तोच एक मार्ग दिसत होता. ज्या लेकीला तो शोधतोय ती हीच. भेटली की जाईल. माझी पोर सुटेल. रात्रभर हाच हिशेब मांडत बसलो होतो.

आज सकाळी त्यांनी बापाच्या नावानं घागर भरली, दरवर्षी भरतात तशी. मग धुतलेलं लुगडं नेसून दुपारी आल्या. मी कॉम्प्युटर सुरू केला. खेळ सुरू करायच्या आधीच स्पीकरमधून श्वास यायला लागला. मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली जमिनीवर बसल्या, पडद्याकडं तोंड करून.

"आबा," त्या म्हणाल्या, "म्या वच्छी."

श्वास थांबला. मग माझ्या आवाजात तो म्हणाला, "कुटं हाय वच्छी?"

"हितंच हाय. तुमच्या म्होरं बसलीया. म्हातारी झाले आता."

मावशींनी पडद्यावर हात ठेवला.

"नाय," तो म्हणाला. "तू नाय. माझी वच्छी एवढीशी हाय. ती तिकडं वाट बघतीया. म्या चाललो तिच्याकडं."

मावशी हाका मारत राहिल्या. आबा, ओ आबा. एवढ्या वयाची बाई, आठ वर्षांच्या पोरीच्या आवाजात. पलीकडून पुन्हा काही आलं नाही. श्वासही नाही.

त्यांना घरापर्यंत धरून नेलं. भरलेली घागर दारातच होती. तिच्याकडं बघून त्या म्हणाल्या की इतकी वर्सं म्या त्यांच्या हाका ऐकत व्हते, आज त्यांनीच मला वळखलं नाय.

११ मे, शनिवार

राउटर दगडानं फोडला. अर्थिंगची तार तोडली. बाहेरून येणारी केबल खांबाजवळ कापली. घरात आता बल्ब सोडून काही चालू नाही.

वैदेहीला फोन. तिनं उचललाच नाही. प्रमोदिनीनं उचलला, वैतागून. म्हणाली, आत्ता तर तिच्याशी बोललास, मला पुन्हा पुन्हा का लावतोस. मी विचारलं, कशावर बोललो? टॅब कुलपात आहे ना? हो. मग? फोनवर, माझ्या फोनवर, तुझ्याच नंबरवरून.

मी लावला नव्हता.

काय बोललो मी तिच्याशी? प्रमोदिनी म्हणाली, उद्या घरी येतोय म्हणालास.

दार मी लावलं, पण तो गेल्यावर —

कारखान्यातून फोन येतायत. घेत नाही. उद्या पहाटेची गाडी. आई गं, माझ्या पोरीला —

१२ मे, रविवार, सकाळी

निघताना मागं गेलो. खड्ड्यातून पाइप उपटून बाहेर फेकलेला. खड्डा माणूस निघेल एवढा झालाय. माती सगळी बाहेरच्या बाजूला पडलीय, ओली. आतून ढकललेली. भिंतीवर चिखलाचे पंजे, वरपर्यंत. भिंत ओलांडून रस्त्याकडं.

मावशी कडुनिंबाखाली बसून होत्या. मी विचारलं, पाहिलंत का कुणाला? त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, माझ्याजवळून गेला, थांबला नाय.

बसस्थानकावर गाड्या नाहीत. उद्या मतदान, निम्म्या गाड्या तिकडं गेल्यात. कन्नडची जीप मिळाली. प्रमोदिनीला फोन लावला. म्हटलं, आज कुणीही आलं तरी दार उघडू नकोस. मी आलो तरी उघडू नकोस.

ती रडायला लागली. "तुझ्यासाठी दार उघडायचं नाही? काय बोलतोयस तू, विश्वजित?"

म्हटलं, मी आलो तरी नाही. मी पोचल्यावर खालून हाक मारीन, वैदेहीला पूर्ण नावानं. वैदेही म्हणालो तरच. दुसरं काही म्हणालो तर —

तिनं फोन ठेवला.

कन्नड

दुसरी जीप. माणसं टपावर. ड्रायव्हर म्हणतो घाटात ट्रक आडवा झालाय. तरी निघाली.

फोन लावतोय. उचलत नाही.

घाटात

उभे आहोत. पुढं रांग, मागं रांग. इंजिनं बंद करून लोक दरीच्या कठड्यावर बसलेत. खाली खानदेश दिसतोय, धुळकट. चाळीसगाव तिथंच आहे, हात लांब केला तर —

रेंज येते जाते. मेसेज आला, प्रमोदिनीचा. जसाच्या तसा उतरवतो, माझा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही —

"सकाळी काय वाट्टेल ते बोललास. पण आलास, बरं झालं. वैदेही हरखून गेलीय. एवढा चिखल कुठून आणलास? तुझ्यासाठी पाणी तापत ठेवलंय. वरच्या खोलीतून खाली या दोघं."

उघडलं तिनं दार.

ड्रायव्हरला म्हटलं काहीही कर. तो म्हणतो काय करू साहेब, उडू का?

जीप सोडली. पायी उतरतोय. गाड्यांच्या मधून. वळणावर थांबून लिहितोय —

लावतोय. लावतोय. वाजतोय —

उचलला. वैदेही. देवा.

मी म्हटलं, वैदेही, बाळा, मी बाबा. आईकडं जा, पळ, खाली आईकडं जा —

फोन तोंडापासून लांब धरून ती कुणाला तरी म्हणाली, "बाबा, फोनवर कुणीतरी तुझ्यासारखं बोलतंय. काय करू?"

आणि माझा आवाज, शांत, मायेचा —

"ठेव, वच्छे."

पुन्हा लावतोय. लागत नाही. पुढच्या वळणावर रेंज असेल. धावतोय, तिथून लावतो, तिथून ती —